परत लावलेलं कुंकू

माझा उजवा हात आता खांद्यापासून दुखतो. डॉक्टर म्हणतात, एकच हालचाल वर्षानुवर्षं केली की असं होतं. गवंडी, शिंपी, हलवाई, सगळ्यांचं काही ना काही दुखतंच. माझं काम लोकांच्या कपाळाला कुंकू लावायचं. कोल्हापुरात देवळाच्या दाराकडं जाणाऱ्या गल्लीत आमचं हळदी-कुंकवाचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं एवढी जागा. येणाऱ्या बाईला नमुना म्हणून कपाळाला लावून दाखवायचं, आरसा पुढं धरायचा आणि म्हणायचं, 'बघा की ताई, रंग बघा, अजिबात पसरत न्हाय.' ती घेते किंवा घेत नाही. मग दुसरी बाई पुढं येते. शुक्रवारी आणि नवरात्रात तर मला तोंडं दिसतच नाहीत, नुसती कपाळं दिसतात. घामट, पावडर लावलेली, टिकलीच्या डिंकानं काळी पडलेली. पर्यटकांच्या बायका आता लावून घेतात, मोबाईलवर स्वतःचा फोटो काढतात आणि पुढच्या दुकानात पर्स बघायला जातात. त्यांच्यावर चिडायचंसुद्धा मी आता सोडून दिलंय.

लावायची आमची एक पद्धत आहे. करंगळीशेजारचं बोट आधी हळदीत बुडवायचं, मग कुंकवात, आणि लावताना डावा तळहात समोरच्या बाईच्या नाकाखाली आडवा धरायचा. पूड नाकावर, साडीवर सांडू नये म्हणून. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही, आईच्या मांडीवर बसून बघता बघता आलं. दुसरी एक गोष्ट मात्र आईनं धपाटे घालून शिकवली. बाईनं आपल्याला कुंकू लावलं की आपण तिला परत लावायचं. नुसतं लावून घेऊन निघून येणाऱ्या पोरीला घरात वळण नाही असं समजतात.

हे सगळं आधी सांगावं लागतंय, कारण याच हातानं मला एकदा समुद्रावरून परत आणलं. खरं म्हणजे समुद्रावर जायच्या आधीच परत आणलं.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. लग्नाचं बघून बघून घरचे दमले होते आणि मी दाखवून घेऊन दमले होते. गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांची एकदा खाली कोकणात सहल निघाली. मासे खाल्ले, वाळूत बसून झालं, आणि मग सगळ्याजणी एका होडीत बसलो. होडी जरा हलली की बायका एकमेकींना मिठ्या मारून किंचाळत होत्या. मी पुढं बसले होते. समोर काहीच नव्हतं. दुकान नाही, गल्ली नाही, एकसुद्धा कपाळ नाही. मी होडीवाल्याला म्हणाले, 'अजून आत घ्या की.' तो म्हणाला, 'बायका आहेत, आत नको न्यायला.' आणि त्यानं होडी वळवली.

एवढंच झालं. यापेक्षा मोठं कारण लोकांना हवं असतं, पण माझ्याकडं ते नाही. मला त्या 'आत'मध्ये जायचं होतं. मोठ्या जहाजांवर आता मुली जातात, त्यांचे पांढऱ्या गणवेशातले फोटो पेपरात येतात, हे मलाही माहीत होतं. त्याला शास्त्र शाखा लागते, इंग्रजी लागतं, परीक्षा लागतात. मी बारावीला दोनदा आपटलेली. मला जमण्यासारखं एकच होतं, मासेमारीच्या बोटीवर खलाशी होणं. पुन्हा एकदा एकटीच खाली जाऊन मी सरळ विचारूनही बघितलं. बंदरावरची माणसं वाईट बोलली नाहीत. ती हसली. बोटीवर बाई कशी नेणार, असं एकजण अगदी प्रेमानं म्हणाला. त्या प्रेमाचाच मला जास्त राग आला.

मग मी केस कापले. घरी सांगितलं, कोकणात एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम मिळालंय आणि केसांत उवा झाल्यात. आईनं दोन्हीवर विश्वास ठेवला की दमून दोन्ही सोडून दिलं, ते मला अजून कळलेलं नाही. मुरगळलेल्या पायाला बांधायची पट्टी मिळते ती छातीला आवळून बांधली. भावाचे दोन शर्ट, दोन पँटी आणि त्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स घेतली. भाऊ इचलकरंजीला मागावर कामाला, त्याचं मूळ कार्ड घरच्या डब्यातच पडलेलं असायचं. कार्डावरचा फोटो इतका काळा आला होता की तो भावाचा तरी होता की नाही, देव जाणे. सगळ्यात अवघड गेलं ते नखांचं. लहानपणापासूनची हळद आणि कुंकू नखांत मुरलेलं, ते लिंबानं जाईना, रॉकेलनं जाईना. शेवटी तशीच गेले.

मी दुसऱ्या एका बंदरावर गेले, मागचं तोंड कुणाला आठवायला नको म्हणून. तो मासेमारी बंद असण्याचा काळ होता. बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात, त्यांचे तळ खरवडायचे, रंगवायचे, जाळी दुरुस्त करायची. माणसं लागतातच. एका तांडेलानं, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसानं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, झेरॉक्स उलटी धरून वाचली आणि विचारलं, 'कोल्हापूरचो? पोहूक येता?' मी हो म्हणाले. ते खरं होतं, रंकाळ्यात शिकले होते. तो म्हणाला, दोन महिने काम बघतो, नीट केलंस तर नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पहिल्या फेरीला बोटीवर घेतो. पहिली फेरी आठ-दहा दिवसांची असते. त्या एका वाक्यावर मी दोन महिने काढले.

लाल रंगानं माझी नखं वाचवली. बोटीच्या तळाला लावतात तो रंग सगळ्यांच्याच हातांना असायचा, त्यात माझं कुंकू लपून गेलं. दाढी नाही म्हणून चिडवायचे, तेवढं मी हसून घ्यायचे. जीवावर यायचं ते आंघोळीचं आणि बाकीच्या विधींचं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, पाणी कमी प्यायचं, पोटात दुखायला लागलं की मोजून चार दिवस दात आवळून तळ खरवडायचा. पट्टीखाली घामोळं उठून कातडं सोललं होतं. संध्याकाळी मी मेल्यासारखी पडायची. पण ते दमणं दुकानातल्या दमण्यासारखं नव्हतं. ते झोपलं की जायचं.

बोलण्यावरून मात्र मी कधीच सापडले नसते. लोकांना वाटतं, बाईनं पुरुष व्हायचं म्हणजे जिभेवर केवढा ताबा लागत असेल, एखादं 'आले', 'गेले' निसटायचंच. आम्ही कोल्हापूरच्या पोरी. आम्ही पाळण्यातून उतरल्यापासून 'मी जातो', 'मी येतो', 'मी जेवलो' असंच बोलतो. शाळेत आमच्या बाई बाहेरगावच्या होत्या, त्या रोज म्हणायच्या, 'मुली, मी जाते म्हण, जाते.' मी वहीत 'जाते' लिहायची आणि घंटा झाली की 'मी जातो बाई' म्हणून पळायची. आजही तसंच आहे. हे लिहिताना मी 'गेले', 'केले' लिहितेय, कारण लिहायचं असं असतं, पण शेजारणीला हे सांगताना मी 'गेलतो'च म्हणेन. आई फोनवरसुद्धा मला 'जेवलास काय?' म्हणायची. एकदा फोनचा आवाज मोठा असताना शेजारी बसलेल्या खलाशानं ते ऐकलं, आणि त्याच्या मनात काही आलं असेल तर तेही गेलं. मला नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मी 'ए कोल्हापूर' होते. ती हाक मला फार आवडायची. गावानं मला कधी एवढं आपलं म्हटलं नव्हतं.

राहायची सोय तांडेलाच्या घराच्या पडवीत होती. जेवण त्याच्या बायकोच्या हातचं. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, काटक, कमी बोलणारी. मी शक्यतो तिच्या समोर जात नसे. बायका बायकांना लवकर ओळखतात, ही भीती होती. ती ताट पडवीत ठेवायची, मी जेवून ते धुऊन पालथं घालायची. दोन महिन्यांत आमचं बोलणं झालं असेल ते भात वाढू का, बस, एवढंच. माझ्याशी ती जरा पुस्तकी बोलायची, मी घाटावरची म्हणून.

मग तो दिवस आला. सकाळी बोट पाण्यात होती, बर्फ भरून झाला होता, डिझेल भरून झालं होतं. माझी पिशवी बोटीवर आत एका खिळ्याला टांगलेली होती. ती तिथं टांगलेली बघायला मी उगाच दोनदा आत जाऊन आले. बंदरावर बायका नटून आल्या होत्या. पाऊस थांबला होता, पण उकाडा असा की अंगातून पाणी वाहत होतं. तांडेलाची बायको ताट घेऊन आली. तिनं बोटीच्या पुढच्या टोकाला हळद-कुंकू लावलं, फुलं वाहिली, मग रांगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना एकेक टिळा लावायला लागली. पुरुष टिळा लावून घेताना डोक्यावर हात ठेवतात. मी तेही बघून ठेवलं होतं. माझी पाळी आली, मी डोक्यावर हात ठेवला, मान जरा झुकवली. तिनं टिळा लावला. मला आतून इतकं सुटल्यासारखं वाटलं की काय सांगू. झालं, आता नारळ सोडला की निघायचं.

आणि मी मान वर केली. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं सगळं पुसून गेलं होतं. ताट माझ्या हातापाशी होतं.

मी काही विचार केला असं नाही. डोक्यावरचा हात खाली आला, बोट हळदीत गेलं, मग कुंकवात, आणि डावा तळहात तिच्या नाकाखाली आडवा धरून मी तिच्या कपाळाला व्यवस्थित, दुकानात लावते तसं, कुंकू लावलं. 'बघा की ताई' तेवढं म्हणायचं राहिलं.

भर बंदरात, नवऱ्यादेखत, एका परक्या खलाशानं तांडेलाच्या बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. लोकांनी जे बघितलं ते एवढंच होतं. पुरुष बाईला कुंकू लावतो ते फक्त लग्नात.

तांडेलाची पहिली थप्पड कानावर बसली. पुढं कुणी मारलं ते मला सांगता येणार नाही, शर्टाची कॉलर धरलेली होती आणि मी खाली पडले होते. एक लाथ बरगडीत बसली, पट्टीमुळं ती जरा कमी लागली. मला सगळं लख्ख कळत होतं. 'मी बाई आहे' एवढे तीन शब्द म्हटले की हे थांबणार होतं. पण म्हटले की माझं बोटीवर जाणंही थांबणार होतं. आणि नाही म्हटले तर? तर मी एक नालायक माणूस ठरणार होते, मार खाणार होते, पाया पडणार होते. बाकीचे खलाशी माझ्या बाजूनं थोडं बोलले असते, दोन महिने खाली मान घालून काम केलं होतं. माणूस कमी पडला तर फेरी अडते. दर्यावरची माणसं तापतात तशी निवतातही. कदाचित त्यानं दोन दिवसांनी म्हटलं असतं, चल. कदाचित पुढच्या फेरीला. त्या 'कदाचित'साठी मी ते तीन शब्द गिळले आणि नुसतं म्हणत राहिले, 'चुकलो. मालक, चुकलो.'

तेवढ्यात ती मध्ये पडली. ताट अजून तिच्या हातात होतं. म्हणाली, 'मारू नकात. तां चेडू आसा.'

चेडू म्हणजे मुलगी. त्यांच्या बोलीतला अगदी साधा, घरातला शब्द.

कॉलरवरचा हात पोळल्यासारखा मागं गेला. सगळे दोन-दोन पावलं सरकले. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांच्या पाठीला पाठ लावून मी जाळी ओढली होती त्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. तांडेलानं हात जोडले, 'माफ कर गो,' म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. मी उठले, तर कुणीतरी बर्फाच्या कारखान्यातून प्लास्टिकची खुर्ची आणली. कुणी चहा आणला. मी खुर्चीवर बसेना, तर सगळे 'बसा ताई, बसा ताई' करायला लागले. कुणीतरी बोटीवर जाऊन माझी पिशवी काढून आणली आणि ती माझ्या हातातसुद्धा दिली नाही, धरून उभा राहिला. मारापेक्षा मला ते सोसवेना.

मी तांडेलाला विचारलं, 'मी येऊ का?' सगळ्यांसमोर विचारलं. लाज वगैरे काही उरली नव्हती. तो समुद्राकडं बघत हळू म्हणाला, 'तुका न्हेवक जमाचा नाय गो.' आणि नारळ सोडायला गेला.

त्याची बायको मला बाजूला जाळ्यांच्या शेडमध्ये घेऊन गेली. तिथं तिनं माझा कान पुसला. मी विचारलं, 'तुम्हांला कधीपासून माहीत होतं?' म्हणाली, 'पहिल्या आठवड्यात कळलं. जेवून उठल्यावर जागेवरनं फडकं फिरवायचीस. इथं कुठला पुरुष ते करतो?' मी म्हणाले, 'मग सांगितलं का न्हाय?' ती म्हणाली, 'कशाला सांगू? जातेय तर जाऊ दे, म्हटलं. कुणीतरी जाऊ दे.'

मग तिनं घरून तांदूळ, नारळ आणि एक खण आणला. सासरी निघालेल्या मुलीला, घरी आलेल्या पाहुणीला रिकामं पाठवायचं नसतं. ती म्हणाली, 'ओटी घे.' मी पँट-शर्टात. पदर कुठून आणू? शेवटी शर्ट बाहेर काढला आणि त्याचा खालचा घोळ दोन्ही हातांनी पसरून धरला. तिनं त्यात नारळ ठेवला, खण ठेवला, तांदळाची ओंजळ घातली. घालता घालता म्हणाली, 'मी बोलले नसते तर मेली असतीस.'

मी म्हणाले, 'मार चालला असता की मला.'

तिचा हात तांदळातच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, 'मला काय ठाऊक.' बाहेर इंजिन सुरू झालं होतं. ती बघायला गेली नाही आणि मीही गेले नाही.

तिनंच मला एसटी स्टँडवर सोडलं. कोल्हापूरची गाडी अर्धी रिकामी होती, मी दिसली त्या सीटवर बसले. पुढच्या थांब्यावर एक बाई कडेवर लेकरू घेऊन चढली. कंडक्टर आमच्याकडचाच होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, 'उठा की पावणं. बायकांची सीट हाय ही, वर लिहिलंय की.'

मी त्याच्याकडं बघितलं. दोन तासांपूर्वी अख्ख्या बंदरानं मला ताई म्हणून खुर्ची दिली होती. या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी पिशवी घेऊन उठले आणि वरची दांडी धरून उभी राहिले.

घाट लागला. गाडी डावी-उजवीकडं कलायला लागली. लाटेत उभं राहायचं तर पाय फाकवायचे, गुडघे सैल सोडायचे आणि कशालाच घट्ट धरायचं नाही, असं तांडेल नव्या माणसाला सांगायचा. मी दांडी सोडली. वळणावळणाला सगळी गाडी एका अंगावर जात होती आणि मी मध्ये उभी होते, पडत नव्हते. कानात अजून शिट्टी वाजत होती, बरगडी दुखत होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, 'मागं जागा हाय, बसा की.' मी म्हणाले, 'न्हाय, बरं हाय.'

गगनबावडा मागं पडला. रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंना ऊस लागला. आता उभं राहण्यात काही अर्थ नव्हता. मी एका बाईशेजारी जागा होती तिथं बसले आणि मला रडू फुटलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि परक्या पुरुषापासून सरकतात तेवढी ती खिडकीकडं सरकली. मी तिला काही सांगितलं नाही.